एकच क्लब, एकच गल्ली : गेरार्ड चेश्लिक आणि १९५७चा तो रविवार

हाफव्हॉली

मागे हंगेरीचा फुटबॉलपटू पुष्कास याच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "पन्नाशीच्या दशकात पूर्व युरोपात हंगेरी सोडून होतं काय?" तेव्हाच उत्तर द्यायचं मनात होतं, पण तो धागा नेहमीप्रमाणे मेस्सी-रोनाल्डोवर गेला आणि बुडाला. म्हणून वेगळा धागा.

माणसाचं नाव गेरार्ड चेश्लिक, पोलंडचा फॉरवर्ड. जन्म २७ एप्रिल १९२७, मृत्यू ३ नोव्हेंबर २०१३, दोन्ही एकाच जागी म्हणायला हरकत नाही. जन्माच्या वेळी ते व्येल्किये हायदुकी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव होतं, १९३९ साली ते होझूफ शहरात विलीन झालं. रुख होझूफ हा तिथला क्लब. मोठेपणी चेश्लिक फक्त रुखकडूनच खेळला. लीगमध्ये २३७ सामने, १६७ गोल. पोलंडकडून ४५ सामने, २७ गोल. उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास. आजच्या अकादमीत अशा पोराला दारातूनच परत पाठवतील.

आता तो रविवार. २० ऑक्टोबर १९५७, होझूफचं शिलेसियन स्टेडियम, विश्वचषकाची पात्रता फेरी, समोर सोव्हिएत युनियन. जूनमध्ये मॉस्कोत पोलंड ०-३ हरलेला. सोव्हिएत संघ म्हणजे आदल्या वर्षीचा मेलबर्न ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. गोलात लेव याशिन, पुढे स्ट्रेल्त्सोव. स्टेडियममध्ये लाखभर माणूस. आणि चेश्लिक तिशी ओलांडलेला, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने संपलेला.

मध्यंतराच्या दोनच मिनिटं आधी त्याने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत दुसरा. नंतर इवानोवने एक फेडला, पण निकाल २-१. शिट्टी वाजली आणि लोक मैदानात घुसले, चेश्लिकला खांद्यावर घेऊन बाहेर आले. तो फोटो पोलंडमध्ये आजही छापून येतो.

सोळा दिवसांपूर्वीच स्पुटनिक आकाशात गेला होता, हेही लक्षात घ्या. जगभर सोव्हिएतांचा दबदबा अगदी शिगेला होता तेव्हाची ही गोष्ट.

शिवाजीपेठकर

काय ओ हाफव्हॉली, एवढं तोंडाला पाणी सुटेल असं लिहिलं आणि पुढं काय झालं ते सांगितलंच नाही. विश्वचषकाला गेले का नाही मग?

हाफव्हॉली

नाही ना! तेच तर दुखणं आहे. दोघांनीही फिनलंडला दोन्ही वेळा हरवलेलं, त्यामुळे गुण सारखे. मग त्रयस्थ ठिकाणी निर्णायक सामना ठेवला, लाइपझिगला, २४ नोव्हेंबरला. सोव्हिएत २-० जिंकले, पहिला गोल स्ट्रेल्त्सोवचा. १९५८ला स्वीडनला ते गेले, पोलंड घरी. (आणि स्ट्रेल्त्सोव? तोही गेला नाही. स्पर्धेच्या तोंडावर त्याला अटक झाली. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय, इथे फाटे फोडू नका.)

थोडक्यात, चेश्लिक विश्वचषकात एकदाही खेळला नाही. १९५०ला पोलंडने नावच दिलं नव्हतं. १९५४ला गटात हंगेरी आला तेव्हा खेळण्याआधीच माघार घेतली. १९५८चं वर सांगितलं. पोलंड १९३८नंतर थेट १९७४ला विश्वचषकात दिसतो. ह्या मधल्या छत्तीस वर्षांत ज्यांची कारकीर्द बसली, ते जगाच्या लेखी नाहीतच.

आकडेशास्त्री

लेख छान, पण थोडं थंड डोक्याने बघू.

४५ सामन्यांत २७ गोल हा दर ०.६०. पोलंडच्याच एर्नेस्ट पोलचे ४६ सामन्यांत ३९, दर ०.८५. लीगमध्ये पोलचे १८६ गोल, जो पोलिश लीगचा आजवरचा उच्चांक आहे. ल्युच्यान ब्रिख्चीचे १८२. चेश्लिक १६७. पोलने १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ट्युनिशियाला एका सामन्यात पाच गोल मारले होते.

एका रविवारच्या जोरावर चेश्लिकला सगळ्यांच्या वर बसवायचं का? याशिनला दोन गोल मारले हे मान्य, पण पुतळा एका सामन्यावर उभा राहत नाही.

हाफव्हॉली

शास्त्रीबुवा, 'सगळ्यांच्या वर' असं मी कुठेच म्हटलेलं नाही, परत वाचा. :)

पण दराचंच काढलंत म्हणून. चेश्लिक राष्ट्रीय संघात आला १९४७ साली. तो पोलंड म्हणजे नुकताच युद्धातून उठलेला देश. खेळाडू मेलेले, पांगलेले, मैदानं उद्ध्वस्त. १९४८मध्ये कोपनहेगनला डेन्मार्ककडून ०-८ हरलेत, पोलंडचा तो आजही सर्वात मोठा पराभव आहे. अशा संघात पुढे उभं राहून गोल करायचे म्हणजे मागून चेंडू यायलाच हवा, तोच येत नव्हता. पोल आला तोवर मागे कोरिन्त, झ्येन्तारा, गोलात शिमकोव्याक अशी भरवशाची फळी तयार झाली होती.

लीगचंही तसंच. १९५२ आणि १९५३, लागोपाठ दोन वर्षं सर्वाधिक गोल चेश्लिकचे. १९५२ला ११, १९५३ला २४.

आकडेशास्त्री

११ गोलांत सर्वाधिक? मग लीगच लहान असणार. असो, मुद्दा घेतला. अर्धा.

मधुमालती

मला फुटबॉलमधलं ऑफसाइडच्या पुढे काही कळत नाही, पण एक शंका. त्या काळात तिकडे सगळं सरकारी ना? मग ह्या लोकांना पगार कोण द्यायचं? क्लब कोणाचे?

हाफव्हॉली

मधुताई, शंका अगदी नेमकी आहे.

कागदावर सगळे हौशी. कुणी खाणीत कामाला, कुणी पोलाद कारखान्यात, पगार तिथला. प्रत्यक्षात काम फुटबॉलचं. आपल्याकडे पूर्वी बँकेत नाहीतर रेल्वेत 'खेळाडू कोट्यातून' लागलेले लोक सही करून ग्राउंडवर जायचे, साधारण तेच समजा.

१९४९च्या सुमारास सोव्हिएत धर्तीवर सगळ्या क्लबांची फेररचना केली. प्रत्येक क्लब कुठल्या ना कुठल्या कामगार संघटनेच्या किंवा खात्याच्या दावणीला. क्राकूफचा विस्वा क्लब पोलिसांकडे, म्हणून तो 'ग्वार्दिया'. रेल्वेचे सगळे 'कोलेयाश'. रुख गेला रसायन कामगारांकडे. आधी 'केमिक', मग 'उनिया'. चेश्लिकची तिन्ही विजेतेपदं, १९५१, ५२ आणि ५३, कागदोपत्री 'उनिया होझूफ'च्या नावावर आहेत. प्रेक्षक अर्थातच रुखच म्हणत होते. जुनं नाव १९५०च्या दशकाच्या मध्यात परत आलं.

ह्यातल्या १९५१ची गंमत तर ऐकाच. त्या वर्षी लीग जिंकली विस्वाने. पण वरून ठरलं होतं की राष्ट्रीय विजेता म्हणजे चषक जिंकणारा. चषकाच्या अंतिम सामन्यात रुख आणि विस्वाच समोरासमोर आले आणि रुख जिंकला. म्हणजे वर्षभर रांगेत पहिला उभा राहिला विस्वा, आणि खिडकी उघडली तेव्हा तिकीट रुखला. क्राकूफवाले अजून विसरलेले नाहीत.

कोकणी_कावळा

आमच्या वाडीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत पण असंच असतं, नियम फायनलच्या दिवशी कळतात.

प्रवासी_पक्षी

ह्या धाग्यासाठी लॉगिन केलं, पासवर्ड आठवायलाच अर्धा तास गेला.

२०१७-१८मध्ये दीड वर्ष काटोवित्सेला प्रोजेक्टवर होतो. होझूफ अगदी शेजारी, ट्रामने जाता येतं. त्या भागात शहर कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळतच नाही, आपल्या पिंपरी-चिंचवडसारखं एकाला एक चिकटलेलं. खाणीचे मनोरे, लाल विटांच्या कामगार चाळी, खिडक्यांच्या चौकटींना लाल रंग.

ऑफिसातला एक स्थानिक सहकारी पक्का 'न्येबिएस्की' होता. न्येबिएस्की म्हणजे निळे, रुखचे लोक स्वतःला तेच म्हणवतात. तो मला रुखच्या जुन्या मैदानावर घेऊन गेला. रस्त्याचं नाव चिखा. त्याचा अर्थ 'शांत, मुकाट'. सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावर उभं राहून हे नाव वाचायचं म्हणजे धमाल.

तिथे स्टँडच्या वर एक भलं मोठं ओमेगा घड्याळ होतं, युद्धाच्या आधीचं, १९३९चं. मी त्याला म्हटलं, बदलत का नाही? तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली मूर्ती बदलायला सांगितली. मग म्हणाला, "चेश्लिक ह्याच घड्याळाखाली खेळला." झालं, विषय संपला.

दुपारी त्याच्या आईने जेवायला थांबवलं. गुंडाळलेल्या मांसाची रोलाडा, लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे, क्लुस्की. प्रत्येक गोळ्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून खळगा केलेला, रस्सा साठायला. मी म्हटलं आमच्याकडे दिवाळीच्या पिठाच्या दिव्यांना अशीच खळगी करतात. तिला पोराने भाषांतर करून सांगितलं तर तिने माझ्या ताटात आणखी चार वाढले.

भिंतीवर दोन फोटो होते. एक पोप जॉन पॉल दुसरे. दुसरा चेश्लिक, लोकांच्या खांद्यावर.

शिवाजीपेठकर

लई भारी पक्षी! हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पण घराघरांत तालमीच्या संघाचा फोटो असतोय बघा.

जाता जाता, पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोक्यात पहिलं वळिवडे येतंय. १९४३ ते ४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक हितं छावणीत होते, जास्त करून बायका-पोरं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आमची आजी सांगायची, त्या गोऱ्या बायका बाजारात येऊन मोडक्या मराठीत भाव करायच्या. तर तुमचा चेश्लिक पण असाच कुठं पळून गेलेला का युद्धात?

हाफव्हॉली

शिवाजीपेठकर, वळिवड्याचे लोक पोलंडच्या पूर्व भागातले. त्यांना सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. शिलेसिया, म्हणजे होझूफचा भाग, पश्चिमेला, तिथली कथा अगदी उलट्या बाजूची.

१९३९ला जर्मनीने तो भाग नुसता व्यापला नाही, सरळ जर्मन राइशमध्ये जोडून टाकला. रुख बंद. लोकांना जर्मन यादीत नोंदवलं गेलं, आणि यादीत नाव आलं की तरुण पोराला जर्मन सैन्याचं बोलावणं. चेश्लिक युद्धाच्या सुरुवातीला बारा वर्षांचा होता. शेवटी शेवटी, सतरा-अठराव्या वर्षी, त्यालाही वेहरमाख्टचा गणवेश चढवावा लागला. युद्धकैदी होऊन घरी परतला आणि रुख पुन्हा उभा राहत होता त्यात दाखल झाला. बारा वर्षांनी तोच माणूस पोलंडच्या पांढऱ्या शर्टात सोव्हिएतांना गोल मारत होता.

'बर्लिनचा की मॉस्कोचा' असा वाद घालणाऱ्या पुढाऱ्यांना हे समजत नाही, पण शिलेसियातल्या जवळपास प्रत्येक घरात असा एक आजोबा असतो.

जुनाट_रेफरी

हा विषय निघाला आणि विलिमोव्स्कीचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. म्हाताऱ्याला लिहावं लागणार.

एर्नेस्ट विलिमोव्स्की. जन्म १९१६, काटोवित्से. उजव्या पायाला सहा बोटं. युद्धाआधी रुखचाच फॉरवर्ड, लीगमध्ये ८६ सामन्यांत ११२ गोल. मे १९३९मध्ये वुजच्या उनियन-तुरिंग संघाविरुद्ध एकाच सामन्यात दहा गोल. ५ जून १९३८ला स्ट्रासबर्गला विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध चार गोल, आणि तरी पोलंड जादा वेळेत ५-६ हरला. २७ ऑगस्ट १९३९ला वॉर्सात विश्व-उपविजेत्या हंगेरीला ४-२ हरवलं, त्यात तीन ह्याचे. पाच दिवसांनी युद्ध सुरू.

युद्धात हा जर्मनीकडून खेळला. आठ सामने, तेरा गोल. १८६० म्युनिककडून १९४२चा जर्मन चषक जिंकला. त्याच काळात त्याची आई आउशवित्झमध्ये होती, एका रशियन ज्यू माणसाशी संबंध ठेवला म्हणून. तिला सोडवायला लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाईदलाचा, वैमानिक हेरमान ग्राफ, जो स्वतः फुटबॉलवेडा होता, त्याने वजन खर्च केलं असं सांगतात.

युद्धानंतर पोलंडमध्ये तो गद्दार. नाव छापायचं नाही. जर्मनीत छोट्या क्लबांत खेळत राहिला, १९९७ला कार्ल्सरूहमध्ये वारला. पुन्हा गावी आला नाही.

आता चेश्लिक आणि हा, दोघे एकाच क्लबचे, एकाच मैदानावरचे. दोघांनीही जर्मनांचा कपडा घातला. एकाने सैनिकाचा, दुसऱ्याने खेळाडूचा. एक खांद्यावर, एक यादीतून बाद. फरक काय, तर वयाचा. अकरा वर्षं.

आकडेशास्त्री

रेफरीकाका, फरक फक्त वयाचा नाही. चेश्लिकला सक्तीने भरती केलं. विलिमोव्स्कीने स्वस्तिकाचा शर्ट घालून तेरा गोल केले, ते कोणी बंदूक लावून करून घेतले नाहीत. प्रतिभेबद्दल वाद नाही, पण दोघांना एका पारड्यात घालू नका.

जुनाट_रेफरी

बंदूक समोरच लावलेली असावी लागते असं नाही, आकडेशास्त्री. आई छावणीत असलेला माणूस किती मोकळा?

आकडेशास्त्री

आईला अटक होण्याच्या आधीपासून तो तिकडे खेळत असेल तर?

जुनाट_रेफरी

असू शकेल. म्हणूनच मी निकाल दिलेला नाही, शिट्टी खिशातच आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की १९१६ला जन्मलेल्याला निवड करावी लागली, १९२७ला जन्मलेल्याच्या वतीने इतरांनी केली.

मधुमालती

हा धागा बुकमार्क केला. फुटबॉलचा धागा वाचून गप्प बसायची पहिलीच वेळ.

प्रवासी_पक्षी

रेफरीकाकांना अनुमोदन. आमच्या त्या सहकाऱ्याच्या आजोबांच्या पिढीत नावंसुद्धा बदलली. वर शास्त्रींनी ज्याचे आकडे दिले तो एर्नेस्ट पोल, त्याचं घराण्याचं आडनाव जर्मन स्पेलिंगचं. युद्धानंतर सरकारी दफ्तरात त्यातलं एक अक्षर गाळून ते पोलिश केलं. सगळी कारकीर्द त्या कापलेल्या नावाने खेळला. नंतर जर्मनीत गेला आणि १९९५ला तिकडेच वारला. पुढे झाब्जेच्या गुर्निक क्लबच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं, ह्या वेळी पूर्ण अक्षरांसकट.

आणि काटोवित्से शहराचंच नाव १९५३ ते ५६ 'स्टालिनोग्रुद' होतं! स्टालिन वारला म्हणून रातोरात बदललं. १९५७च्या त्या सामन्याला आलेले लोक दहा महिन्यांपूर्वीपर्यंत पत्त्यात स्टालिनोग्रुद लिहीत होते. त्यांना याशिनच्या पाठीमागे जाळं हलताना बघून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

हाफव्हॉली

पक्षी, हे जबरदस्त आहे. मी मूळ लेखात घालायला हवं होतं.

त्याला जोडूनच: ऑक्टोबर १९५६मध्ये पोलंडमध्ये गोमुल्का सत्तेवर आला, थोडं मोकळं झालं. देशाचा संरक्षणमंत्री तोवर चक्क सोव्हिएत मार्शल होता, रोकोसोव्हस्की. त्याला परत पाठवलं. त्याच वेळी हंगेरीत, बुडापेस्टमध्ये, सोव्हिएत रणगाडे घुसले. म्हणजे पोलिश माणसाला बरोबर कळलेलं होतं की किती बोलायचं आणि कुठे थांबायचं. स्टेडियम ही एकच जागा अशी होती जिथे लाख माणसं एकत्र जमून सोव्हिएतांविरुद्ध ओरडू शकत होती आणि पोलिसांना काही करता येत नव्हतं. फुटबॉलच तर बघत होते!

शास्त्रीबुवा, पुतळा एका सामन्यावर उभा राहत नाही म्हणालात. हा राहिला त्याचं कारण हे.

आकडेशास्त्री

ठीक. उरलेला अर्धा मुद्दाही घ्या.

पण मग एक सांगा. त्या काळी सैन्याचा क्लब लेगिया चांगल्या खेळाडूंना लष्करी सेवेच्या नावाखाली उचलायचा ना? पोल तिथे जाऊन आला, ब्रिख्ची तर शिलेसियातून गेला तो कायमचा वॉर्साचा झाला. चेश्लिक कसा सुटला?

हाफव्हॉली

हिशेब वयाचाच असावा, असं मला वाटतं. लेगियाचं ते पर्व १९५०च्या दशकाच्या मध्याचं, पोल आणि ब्रिख्ची १९३२-३४चे, म्हणजे सेवेच्या वयात बरोबर सापडले. चेश्लिक तोवर पंचविशी ओलांडलेला, तीन विजेतेपदांचा मालक. बाकी परदेशी जायचं तर कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून 'एकाच क्लबशी निष्ठा' ह्यावर फार गहिवरून लिहू नये असं मला वाटतं. पर्याय दोन-तीनच होते. पण त्या दोन-तीनांतून तो चिखा रस्ता सोडून गेला नाही, हेही खरंच.

कोकणी_कावळा

निवृत्त कधी झाला? आणि मग काय केलं, समालोचन? :)

हाफव्हॉली

१९५९ला. आणि दैवाचा खेळ बघा, १९६०ला रुख पुन्हा विजेता झाला, हा नसताना. मग क्लबमध्येच प्रशिक्षक, मुख्यतः लहान मुलांचा. म्हातारपणीही रुखच्या सामन्याला यायचा.

अवांतर: १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पोलंडचा फुटबॉल संघ होता. फ्रान्सला २-१ हरवलं, मग डेन्मार्ककडून ०-२ हरून घरी. त्याच हेलसिंकीत आपला भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० असा धुतला गेला. आणि त्याच हेलसिंकीत आपले खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले, गोळेश्वरचा पैलवान. उंचीने तेही बेताचेच!

शिवाजीपेठकर

खाशाबांचं नाव काढलंस भावा, आता माझ्याकडून चहा तुला.

तालमीत आमचे वस्ताद म्हणायचे, बुटक्याला पाडायला मोठ्याला वाकावं लागतंय, आणि वाकला की गेला. याशिनचं तेच झालं असणार.

जुनाट_रेफरी

याशिन गोलकीपर होता हो, त्याला वाकायचाच पगार.

प्रवासी_पक्षी

रुख हल्ली घरचे सामने शिलेसियन स्टेडियमवरच खेळतो. चिखावरचे प्रकाशाचे खांब धोकादायक म्हणून काढावे लागले, मग तिथे खेळणंच थांबलं. काल रात्री हा धागा वाचून त्या सहकाऱ्याला मेसेज टाकला, घड्याळाचं काय झालं म्हणून. अजून निळी टिक नाही आलेली. तो ऑनलाइन आला की इथे कळवतो.